पुरात लाईट आणि रेंज दोन्ही गेल्यावर पाण्याची खबर कशी ठेवायची? (शिरोळ तालुका)

नदीकाठची_लेक

आई-बाबा शिरोळ तालुक्यात, नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढे. घर स्लॅबचं, वर एक खोली आणि गच्ची. मी पुण्यात असते. पाणी चढायला लागलं की आधी लाईट जाते, मग काही तासांत मोबाईलची रेंज जाते, आणि पाणी कुठवर आलंय हे कळण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

घरात सध्या १५० एएचची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहे (तळमजल्यावर, जिन्याखाली). एक स्मार्टफोन, एक बटणांचा फोन, दोन्हींत एकाच कंपनीचं सिम. फायबरचं नेट आणि डिश टीव्ही आहे. रेडिओ नाही. पाच-सहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

विचारायचं ते असं: रेडिओ घेऊन उपयोग होतो का, आणि कोणता घ्यावा? फोन चार-पाच दिवस कसा टिकवायचा? मला इथे बसून खरी माहिती कुठून मिळेल? आणि घर सोडायचं कधी, हे कशावरून ठरवायचं? बाबांचं म्हणणं, "पाणी उंबऱ्याला लागू दे, मग बघू."

---

बंधारा_४३

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर हातात नसेल तर बाकीची माहिती मिळूनही काही करता येत नाही. रेडिओवर "पंचगंगा ४४ फुटांवर" असं ऐकलं तरी तुमच्या घरासाठी त्याचा अर्थ काय, हे आधी ठरलेलं असायला हवं.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४० आणि धोका ४५. हे आकडे त्या त्या शहरांसाठी आहेत, शिरोळसाठी नाहीत. तुमच्याकडे कृष्णा येते ती कोयनेचं पाणी कराडला आणि वारणेचं हरिपूरला पोटात घेऊन, आणि नृसिंहवाडीला तिला पंचगंगा मिळते. म्हणून राजाराम आणि आयर्विन हे तुमच्यासाठी पुढे काय येणार ते सांगणारे आकडे आणि नृसिंहवाडी, शिरोळ, तेरवाड हे आत्ता काय आहे ते सांगणारे आकडे. जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पत्रकात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी अशी ओळीने पातळी दिलेली असते. लोक पहिला आकडा वाचून पत्रक मिटतात. तुम्ही शेवटचे तीन वाचायचे.

आता उंबऱ्याचा आकडा काढा. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि गावात अजून भिंतींवर पाण्याच्या रेघा आहेत. एखादी पक्की रेघ शोधा, गवंड्याकडची लेव्हलची नळी लावून तिची उंची तुमच्या उंबऱ्याशी ताडून घ्या. समजा रेघ उंबऱ्यापेक्षा साडेचार फूट वर आली. त्या पुरात जवळच्या मापनकेंद्रावर सर्वांत जास्त पातळी किती होती ते तलाठी कार्यालयातून किंवा पाटबंधारेच्या शाखेतून विचारून घ्या. त्यातून साडेचार फूट वजा केले की उंबऱ्याला पाणी लागेल तो आकडा मिळतो. अर्धा-पाऊण फूट इकडेतिकडे होईल. नदीचा उतार दर पुरात तोच राहत नाही.

पण बाबांना सांगायची खरी गोष्ट वेगळीच आहे. उंबऱ्याच्या आधी रस्ता जातो. गावातून बाहेर पडायच्या वाटेवर ओढ्यावरचा मोरीपूल किंवा सखल वळण असतं, आणि ते घराच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातं. त्या जागेचा आकडा अशाच पद्धतीने काढा आणि त्याच्याही दोन फूट आधी निघायचं. म्हणजे घरात लक्षात ठेवायचा आकडा उंबऱ्याचा नाही, रस्त्याचा. उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत थांबलं तर नंतर बोटच लागते, आणि बोट सगळ्यांना एकदम हवी असते.

पाणी चढण्याचा वेग स्वतः मोजता येतो. समोरच्या विजेच्या खांबाला हात लावू नका. एखाद्या भिंतीवर किंवा दगडी कट्ट्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटावर ऑईलपेंटने पट्टे मारा, रात्री बॅटरीच्या उजेडात दिसावेत म्हणून चमकणारी टेप लावा. जागा अशी हवी की गच्चीतून दिसेल, पाण्यात उतरावं लागणार नाही. दर तासाला वेळेसह वहीत लिहा. निघण्याच्या आकड्याला ३६ इंच बाकी असतील आणि पाणी तासाला दीड इंच चढत असेल तर २४ तास आहेत. हिशेब करताना गेल्या सहा तासांतला सर्वांत जास्त वेग धरा, सरासरी नको. आणि उरलेल्या वेळात रात्र येत असेल तर ती वजा करा.

दोन चुका नेहमी होतात. पहिली फूट-इंचाची. "४३.२" असं मेसेजमध्ये आलं तर ते ४३ फूट २ इंच असतं, ४३ दशांश २ फूट नसतं. ४३.११ पुढे ४४ येतो, तरी लोक "४३.९ वरून ४३.११, म्हणजे उतरलं" असं खुशाल वाचतात. दुसरी चूक धरणाची. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी जातं, सगळे उघडले तर जवळजवळ १०,००० क्युसेक. वीजगृहातून सोडलेलं पाणी वेगळं. हे दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात आणि मिटतात, एका दिवसात दोन-तीनदाही. म्हणून "सहावा दरवाजा उघडला" या मेसेजवर वेळ नसेल तर तो वाचून काही कळत नाही. कदाचित मेसेज तुमच्यापर्यंत येईस्तोवर दरवाजा मिटलेलाही असेल. कोयनेचं तसं नाही, तिथे विसर्ग ठरवून टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि आधी जाहीर करतात. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर.)

शिरोळमध्ये पाऊस फारसा नसतो, हे मनात पक्कं करून ठेवा. डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं, कारण ते गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर, कोयनेकडून आलेलं असतं. हवामान खात्याचा इशारा वाचताना "कोल्हापूर घाट" आणि "सातारा घाट" या ओळी बघा; तुमच्या तालुक्याच्या आभाळावर जाऊ नका. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार, आणि हा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. घाटात लागोपाठ दोन दिवस अति जोरदार लागला तर सामान वर न्यायला घ्या. शिवाय कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. पाऊस थांबल्यावरही पातळी चढताना दिसते ती त्यामुळे.

---

बिनतारी

वरच्याला अनुमोदन. मी फक्त रेडिओचं लिहितो.

घ्या, नक्की घ्या. डिश टीव्हीचा भरवसा धरू नका. वीज असली तरी मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल तुटतो, त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. म्हणजे पाऊस सर्वांत जास्त असतो तेव्हाच टीव्ही बंद. रेडिओला हा त्रास नाही.

दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एफएम आणि मध्यम लहरी दोन्ही असलेला, काट्याचा साधा सेट बघा. हजाराच्या आसपास मिळून जातो. ब्लूटूथ, पेनड्राईव्ह, रंगीत दिवे असलेले घेऊ नका. त्यांची आतली बॅटरी चार-सहा तासांत संपते आणि ती भरायला पुन्हा वीजच लागते. साधा सेट मध्यम आवाजात ३० ते ४० मिलिअँपिअर घेतो. चांगल्या अल्कलाईन सेलची क्षमता २००० च्या वर असते, म्हणजे पन्नास-साठ तास वाजेल. दिवसातून चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं ऐकलं तर एका जोडीत महिनाभर निघतो. स्वस्त झिंक-कार्बन सेल निम्मेही चालत नाहीत आणि आतच पाझरतात; ते हिरवं-पांढरं खारं स्प्रिंगवर चढलं की रेडिओ ऐन वेळी मुका. वापर नसताना सेल बाहेर काढून रेडिओसोबतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, जोड्या दोन.

हँडल फिरवून चालणारे रेडिओ दिसायला छान, पण त्यांच्या आतला छोटा लिथियम सेल वापराविना दोन-तीन वर्षांत बसतो. आधीच घेतला असेल तर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण भरत जा.

केंद्रं: आकाशवाणी कोल्हापूर एफएम १०२.७ मेगाहर्ट्झ. सांगलीचं मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ. गेल्या काही वर्षांत देशभरातले मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद झाले आहेत, म्हणून तुमच्या गावात कोणतं केंद्र किती स्पष्ट लागतं ते आजच दुपारी लावून बघा आणि काट्याच्या जागी नेलपॉलिशने ठिपका द्या. अंधारात, घाबरलेल्या हातांनी स्टेशन शोधायला लागू नये. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या राज्याचं एकूण चित्र देतात. पाण्याची पातळी ऐकायची तर स्थानिक केंद्रच.

एफएमला अँटेना पूर्ण बाहेर काढा, ७५ सेंटीमीटरच्या आसपास लांबी या लहरींना जुळते. गच्चीत किंवा खिडकीशी बसा. मध्यम लहरींना बाहेरची काडी लागत नाही, आत फेराइटची कांडी असते आणि तिला दिशा असते. आवाज कमी आला तर सेट जागेवरच गोल फिरवून बघा. या लहरींवर जी खरखर येते ती बहुधा घरातल्या एलईडी बल्बची, चार्जरची आणि इन्व्हर्टरची असते. लाईट गेल्यावर रेडिओ उलट स्वच्छ लागतो, फक्त इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्यापासून लांब बसा.

मोबाईलमध्ये एफएम असेल तर वायरचा इयरफोन खोचावा लागतो, ती वायरच अँटेना असते. अनेक नव्या फोनांत खोचायला भोकच नाही. आणि नेटवर चालणारं रेडिओचं ॲप म्हणजे रेडिओ नव्हे. रेंज गेली की तेही गेलं.

वॉकीटॉकी घेऊ का असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. ऑनलाईन मिळणारे बरेच सेट परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. आई-बाबांना त्याचा उपयोगही नाही, कारण दुसऱ्या टोकाला कुणीतरी तसाच सेट घेऊन बसलेलं लागतं.

---

मीटर_बंद

विजेचं बघू.

पाणी डीपीपर्यंत किंवा उपकेंद्रात आलं की वीज मुद्दाम बंद करतात, माणसं शॉक लागून मरू नयेत म्हणून. त्यामुळे "लाईट कधी येईल" याचं उत्तर पाणी ओसरून यंत्रं सुकवून तपासल्याशिवाय कुणाकडेच नसतं. हा काळ दिवसांत मोजायचा, तासांत नाही. तक्रार मात्र नोंदवून ठेवा: महावितरणचे १९१२ आणि १९१२०. मेसेजमध्ये काय लिहायचं असा गोंधळ नको म्हणून फोनच करा. तार तुटून पाण्यात पडलेली दिसली तर तेही याच क्रमांकांवर.

तुमच्या बॅटरीचा हिशेब. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण पिळायची नसते, इन्व्हर्टरही काही खातो, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या बॅटरीतून ११०० ते १२०० हाती येतात. तीन-चार वर्षं जुनी असेल तर त्याचेही निम्मे धरा. ९ वॅटचे दोन बल्ब, राऊटर १० वॅट आणि फोनचं चार्जिंग १० वॅट, एकूण ३८. त्यात नुसतं चालू राहण्यासाठी इन्व्हर्टर स्वतः १५ ते २० वॅट घेतो, हे कुणी मोजत नाही. म्हणजे सलग चालवला तर वीस तास. पण संध्याकाळी चारच तास चालू ठेवून बाकी वेळ मागच्या बटणाने पूर्ण बंद केला तर तीच बॅटरी पाच दिवस जाईल. जुना ७५ वॅटचा एक पंखा लावलात तर हा सगळा हिशेब कोसळतो.

राऊटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस मिळतो. राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ ते बघूनच घ्या, पिनची जाडीही जुळवा. दिसायला सारख्या पिना आतल्या मापात वेगळ्या असतात, मग ढिल्या बसून राऊटर सारखा बंद-चालू होतो. पण एवढं करूनही नेट टिकेलच असं नाही. केबलवाल्याची गल्लीतली पेटी विजेवर असेल तर ती आधी मरते. त्याला आत्ताच विचारा, तुझ्या पेटीला बॅटरी आहे का आणि किती तासांची. नसेल तर यूपीएसचे पैसे पॉवरबँकेत घाला.

पॉवरबँकेवर छापलेले १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. फोनला ५ व्होल्टने देताना ६००० च्या आसपास उरतात; मागे बारीक अक्षरांत तो आकडा लिहिलेला असतो, तोच खरा. ५००० एमएएचचा स्मार्टफोन त्यावर दीड वेळा भरतो, १००० एमएएचचा बटणांचा फोन पाच वेळा. दोन पॉवरबँका घ्या, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी भरून ठेवा. मोटारीत १२ व्होल्टचा चार्जर असू द्या, पण गाडी चालू ठेवून चार्ज करायचं तर उघड्यावर. जनरेटर, मोटारीचं इंजिन यांचा धूर बंद जागेत वासाशिवाय माणूस मारतो. आणि भाड्याचा जनरेटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटा खोचून घर चालवायचा प्रयोग कुणी सुचवला तर हाकलून द्या, ती वीज तारेवर जाते आणि खांबावरचा वायरमन जातो.

फोन टिकवायला एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज कमी असताना फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी त्यातच जाते. दर दोन तासांनी पाच मिनिटं चालू करायचा, मेसेज घ्यायचे-द्यायचे, पुन्हा बंद.

---

सेल_साईट

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या परिच्छेदाला माझी हरकत आहे. दोन्ही फोन एअरप्लेनवर टाकू नका.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग आता सेल ब्रॉडकास्टने इशारे देतात. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा देशभर फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवत असेल. हा इशारा एसएमएस नसतो. टॉवर तो आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी ऐकवतो. नेट लागत नाही, कुणाचा नंबर लागत नाही, लाईन जाम असली तरी अडत नाही, आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. पण एअरप्लेनवरच्या फोनला तो येत नाही, आणि नंतर चालू केल्यावर तो तुमची वाट बघत थांबलेला असेलच असं नाही. म्हणून स्मार्टफोन एअरप्लेनवर, बटणांचा फोन कायम चालू, असं करा. फक्त आधी बटणांच्या फोनला हे इशारे येतात का ते त्याच्या मेसेज सेटिंगमध्ये बघा. त्यात सोय नसेल तर उलट करावं लागेल: स्मार्टफोन चालू, पण मोबाईल डेटा, लोकेशन, ब्लूटूथ बंद, उजेड कमीत कमी आणि बॅटरी सेव्हर लावलेला. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये "सुरक्षा आणि आणीबाणी"खाली वायरलेस इमर्जन्सी अलर्टचं पान असतं, तिथले खटके चालू आहेत ना बघा. सोबत "सचेत" ॲप टाका, जिल्हा निवडून ठेवा. विजांसाठी "दामिनी" आहे, ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं.

दुसरं, दोन्ही सिम एकाच कंपनीची आहेत हे आजच बदला. टॉवरला वीज गेल्यावर काही तासांची बॅटरी असते, पुढे डिझेल. रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोचत नाही आणि टॉवर बंद पडतो. कोणत्या कंपनीचा टॉवर उंचावर आहे, कुणाचा ओढ्याकाठी, हे गावात विचारून दुसरं सिम त्याप्रमाणे घ्या. रिचार्जची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपत नाही ना तेही बघा. मुदत संपली की काही दिवसांत येणारे फोनही बंद होतात. मोठ्या आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर घेण्याची मुभा देतात. रेंज अजिबात नसेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने दुसरं नेटवर्क निवडून बघा, कधी लागतं.

फोन लागत नसेल तरी एसएमएस टाकत राहा. त्याला फार थोडी जागा लागते आणि तो अडला तर केंद्रात थांबून पुन्हा पुन्हा पाठवला जातो. देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं मिळतात, त्यापुढे तुकडे होतात आणि एखादा तुकडा हरवतो. म्हणून आधीच ठरवून ठेवा: "रात्री ८. पाणी तिसरा पट्टा. दोघे वर. ठीक." एवढं बास.

---

नदीकाठची_लेक

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. रस्त्याच्या आकड्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना तेवढंच वाचून दाखवलं, ते म्हणाले, "मोरीपूल पाण्याखाली जातो ते खरं आहे." म्हणजे निम्मं काम झालं. आता दोन शंका. मी पुण्यातून कुणाला विचारायचं? नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दहा मिनिटांना काहीतरी येत असतं. आणि इन्व्हर्टर जिन्याखाली आहे त्याचं काय?

---

बंधारा_४३

जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो. बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना कोल्हापूरचा ०२३१ आधी लावा. राज्याचा कक्ष १०७०. जिवाची अडचण असेल तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. फोन लागला की "पाणी किती आहे" असं मोघम विचारू नका, "नृसिंहवाडीची शेवटची पातळी किती आणि किती वाजताची" असं विचारा. त्यांनाही सोपं जातं. गावातले पोलीस पाटील, सरपंच आणि उंचावर राहणारं एखादं घर, असे तीन नंबर तुमच्याकडे आणि आई-बाबांकडे कागदावर लिहिलेले असू द्या. गाव ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदलेलं आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. तिथे १८०० २७० ३६०० वर एकाने फोन करून निरोप दिला की तो सगळ्या नोंदलेल्या फोनांवर वाजतो. रेंज असेपर्यंतच, अर्थात. पुढे भोंगा किंवा दवंडी.

ग्रुपवरच्या मेसेजला माझी चाळणी साधी आहे: त्यात तारीख, वेळ, मापनाची जागा आणि फूट-इंच या चारही गोष्टी नसतील तर तो मेसेज पुढे पाठवायचा नाही आणि त्यावर निर्णयही घ्यायचा नाही. फोटो तर बघूच नका. २०१९ चे आणि २०२१ चे फोटो दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. "धरण फुटलं" असा व्हॉइस मेसेज आला तर आधी १०७७. गाव त्या एका वाक्यावर रात्री रस्त्यावर येतं आणि रस्त्यावर येणं घरात राहण्यापेक्षा धोक्याचं ठरू शकतं.

---

मीटर_बंद

इन्व्हर्टर पावसाळ्याआधीच वरच्या खोलीत न्या. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसह पन्नास किलोच्या वर भरते, पुराच्या दिवशी सत्तरीतली माणसं ती हलवू शकणार नाहीत, आणि आडवी झाली तर ॲसिड सांडतं.

नेताना बॅटरी वर आणि इन्व्हर्टर खाली असं करू नका. ६०० वॅटच्या भाराला १२ व्होल्टच्या वायरीतून पन्नास-साठ अँपिअर वाहतात. ती वायर लांबवली की गरम होते आणि व्होल्टेज पडतं. दोन्ही शेजारी-शेजारी वर ठेवा आणि २३० व्होल्टची वायर खाली आणा, तीही इलेक्ट्रिशियनकडून. त्याच फेरीत त्याच्याकडून तळमजल्याच्या सॉकेटांसाठी वेगळा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) करून घ्या. म्हणजे खाली पाणी शिरायच्या आधी तेवढाच भाग पाडता येईल आणि वरचे दोन बल्ब चालू राहतील. मेन स्विच आणि मीटर पाण्याच्या रेघेच्या खाली असतील तर मेन पाणी अंगणात असतानाच पाडायचा; बोर्ड ओला झाल्यावर किंवा पाय पाण्यात असताना त्याला हात लावायचा नाही. इन्व्हर्टरही तेव्हा खालच्या भागाला वीज देत नाही ना याची खात्री करा, कारण मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज खालच्या वायरिंगमध्ये खेळत असते. पुरात घरातल्या घरात शॉक बसतो तो बऱ्याचदा असा.

खोलीला खिडकी आहे ना? चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे देवघराशेजारी, समई-उदबत्तीजवळ ठेवू नका.